सात तोच, बारा निराळा: आत्याच्या ब्लॉकमध्ये नेमकं काय वाचतात?

प्रश्न थोडक्यात असा होता: "आत्या ५८ वर्षांची, शिरोळ तालुक्यात राहते. आयुष्यात कधी मिसरीसुद्धा लावली नाही. खोकला जाईना म्हणून चार महिने टीबीची औषधं झाली. मग सीटी, मग सुईची बायोप्सी, आणि निघाला फुप्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. एक डॉक्टर म्हणतात ब्लॉक मुंबईला पाठवून जीनची तपासणी करू, दोन-तीन आठवडे थांबा. दुसरे म्हणतात थांबू नका, सोमवारी केमो चालू. जीनोम, ट्रान्सक्रिप्टोम असं बरंच वाचलं. यानं कॅन्सर खरंच जास्त कळायला लागलाय, की नुसते महाग कागद वाढलेत? आणि हे आमच्या घरात पुढं येणार का?"

मी पॅथॉलॉजिस्ट. कोल्हापुरात २४ वर्षं गाठी कापतो, त्यांचे मेणाचे ब्लॉक करतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांना नाव देतो. औषध मी लिहून देत नाही, त्यामुळं डोस वगैरे मला विचारू नका. पण जो ब्लॉक मुंबईला जायचाय, तो माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातचा आहे. त्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे.

आधी घाईचं सांगतो. आत्यांना आडवं झाल्यावर दम लागत असेल, छातीत पाणी भरलं असेल, मेंदूत किंवा मणक्यात गाठ उतरून दाब आला असेल, तर तीन आठवडे हातावर हात ठेवून बसायचं नाही. पाणी काढतात, रेडिएशन देतात, वेळ पडली तर केमोचा पहिला डोसही देतात, आणि तपासणी मागून येते. पण त्या हिंडत्याफिरत्या असतील, दोन भाकरी पोटात जात असतील, तर रिपोर्टसाठी थांबणं शहाणपणाचं. तंबाखूला हात न लावलेली बाई आणि ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींतून उठणारा कॅन्सर), एवढं वाचलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते ईजीएफआर. आपल्याकडं या जातीच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये साधारण चौघांमागं एकाच्या गाठीत ईजीएफआर या, पेशीला वाढायचा संदेश देणाऱ्या, जीनमध्ये बिघाड सापडतो, आणि तंबाखू न ओढणाऱ्या बायकांत त्याहून बराच जास्त. सापडला तर उपचाराचा सगळा रस्ताच बदलतो, कारण या बिघाडावर नेमकं बोट ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. एकट्या ईजीएफआरची पीसीआर तपासणी तर काही दिवसांतच हातात येते. तेव्हा 'तीन आठवडे की सोमवार' एवढे दोनच रस्ते नाहीत, हे दोन्ही डॉक्टरांना नम्रपणे विचारा.

एका गोष्टीला मात्र रिपोर्ट येईपर्यंत थांबायला सांगा: इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं. ईजीएफआर बिघडलेल्या गाठींवर ती एकटी दिली तर फारशी चालत नाही. शिवाय आधी ती देऊन मागून ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी चालू केली, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. महाग औषध आधी द्यायचं आणि मग त्याच्यामुळंच चांगलं औषध देता येईना, असं होऊ नये.

आता तुमचा मोठा प्रश्न: यानं कॅन्सर जास्त कळतो का?

हे मला पुस्तकातून जेवढं समजावता येत नव्हतं, तेवढं कागल तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं समजावलं. बायकोचा रिपोर्ट न्यायला आले होते. मी माझ्या परीनं सांगत होतो की शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, पण यकृताची पेशी त्यातलं वेगळं वाचते आणि कातडीची वेगळं. ते म्हणाले, "म्हंजे सात सगळीकडं त्योच, पण बारा निराळा, असंच न्हवं?"

तेव्हापासून मी दुसरं उदाहरण देत नाही. सातबाऱ्यातला नमुना सात सांगतो जमीन कुणाची, किती, कसली. नमुना बारा सांगतो या हंगामात तिथं खरोखर काय उभं आहे: ऊस, सोयाबीन की नुसतं गवत. जीनोम म्हणजे सात. सुमारे ३०० कोटी अक्षरांचा दस्त, त्यात प्रथिनं बनवणारी जीन साधारण २०,००० आणि बाकीच्यातला काही भाग ती कधी चालू-बंद करायची याच्या हिशेबाचा. ट्रान्सक्रिप्टोम म्हणजे बारा. त्या घडीला त्या पेशीनं कुठली जीन उघडून तिच्या आरएनए नावाच्या नकला काढल्यात, आणि किती, याची नोंद. आणि गंमत बघा, महसूल खात्याच्या इंग्रजीत फेरफाराला 'म्युटेशन'च म्हणतात. डीएनएतल्या बदलालाही तोच शब्द. कॅन्सर म्हणजे चुकीचे फेरफार एकामागून एक मंजूर होत जाणं. एका फेरफारानं सहसा काही होत नाही. २०२० मध्ये जगभरातल्या शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटानं २,६५८ गाठींचे संपूर्ण जीनोम एकत्र तपासले, तेव्हा एका गाठीत सरासरी चार ते पाच फेरफार खरे कर्तेकरविते निघाले. बाकीचे हजारो नुसते सोबत वाहत आलेले. आणि शंभरातल्या सुमारे पाच गाठींत एकही कर्ता सापडला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

सात वाचून उपचार बदलता येतो, याचा पहिला ठसठशीत पुरावा रक्ताच्या कॅन्सरनं दिला. सीएमएल या आजारात एक गुणसूत्र आखूड दिसतं, हे १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसलं. ते आखूड का, तर ९ आणि २२ या दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलीय, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. दोन वेगळ्या गटांमधला बांध फुटून दोन जीन एकमेकांना चिकटले, आणि त्या जोडीतून जे प्रथिन बनलं ते कधी थांबेचना. त्याला थोपवणारी इमॅटिनिबची गोळी अमेरिकेत मंजूर झाली २००१ मध्ये. शोधापासून गोळीपर्यंत ४१ वर्षं. आपल्याकडं तिच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३ मध्ये फेटाळला, आणि देशी कंपन्यांची स्वस्त गोळी टिकून राहिली. आज कोल्हापुरात सीएमएलचे पेशंट गोळी खिशात टाकून शेतावर जातात. मी शिकत होतो तेव्हा या आजाराचं नाव घेताना आवाज खाली जायचा.

फुप्फुसाच्या बाबतीत तोच प्रवास जरा वेगानं झाला. ईजीएफआरमधले फेरफार २००४ मध्ये ओळखले गेले. एएलके या जीनची दुसऱ्या एका जीनशी होणारी जोडणी जपानी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवली. त्यात एकाच गुणसूत्रावरचा तुकडा उलटा होऊन बसतो आणि झोपलेली जीन जागी होते. इथंच आरएनए कामाला येतो. जोडणी नेमकी कुठं झालीय हे डीएनएत शोधणं कधीकधी गवतात सुई शोधण्यासारखं असतं, कारण बांध कुठंही फुटू शकतो. पण आरएनएत ती जोडणी सरळ वाचता येते, कारण पीक उभंच असतं. एमईटी या जीनमध्ये १४ क्रमांकाचा एक तुकडा वाचताना गाळला जातो, तो प्रकारही आरएनएत स्वच्छ दिसतो. म्हणून डीएनएच्या रिपोर्टात काहीच निघालं नाही आणि पेशंटनं तंबाखू कधी ओढली नसेल, तर मी आरएनएची तपासणी मागून घ्यायला सांगतो. तुमच्या आत्यांसाठी हे लक्षात ठेवा.

ईजीएफआरवरच्या गोळ्यांचं म्हणाल तर जेफिटिनिब आपल्याकडं बऱ्यापैकी स्वस्त आहे. ओसिमर्टिनिब महाग, पण जास्त दिवस चालतं. तुलनेच्या मोठ्या चाचणीत आजार वाढायला लागेपर्यंतचा काळ (निम्म्या पेशंटांत एवढा किंवा जास्त) ओसिमर्टिनिबवर १८.९ महिने होता, जुन्या गोळ्यांवर १०.२. आणि परळच्या टाटा हॉस्पिटलनं आपल्याच पेशंटांवर एक फार उपयोगी काम केलं. जेफिटिनिबला केमोची जोड दिली तर तो काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर जातो, हे त्यांनी २०२० मध्ये छापलं. त्रास जास्त होतो हे खरं, पण ज्याला महागडी गोळी परवडत नाही त्याच्यासाठी हा आकडा सोन्यासारखा आहे. हे तुमच्या ऑन्कोलॉजिस्टशी बोलून घ्या. पूर्ण बरं करण्याची भाषा चौथ्या स्टेजला मी करणार नाही. चांगले दिवस वाढवण्याची मात्र करतो.

बाराचा, म्हणजे ट्रान्सक्रिप्टोमचा, सगळ्यात मोठा धडा स्तनाच्या कॅन्सरनं शिकवला. आम्ही पॅथॉलॉजिस्ट वर्षानुवर्षं स्तनाच्या गाठींना बहुतेक वेळा एकच नाव लिहीत आलो. स्लाइडवर त्या सारख्याच दिसायच्या. २००० मध्ये ४२ पेशंटांच्या नमुन्यांवर आठ हजारांवर जीनचं पीकपाणी एकाच वेळी मोजून बघितलं, तर त्याच नावाखाली निदान चार-पाच वेगळे आजार निघाले. हार्मोनवर वाढणारे, हरटू नावाचं प्रथिन जास्त असलेले, आणि तिसरे, ज्यांना बेसल म्हणतात. माझ्यासारख्याला तो जरा टोलाच होता. पण त्याचा खरा फायदा पुढं दिसला. शस्त्रक्रियेनंतर केमो कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी २१ जीनच्या आरएनएवरून गुण काढतात. २०१८ मध्ये दहा हजारांवर बायकांच्या चाचणीचा निकाल आला: हार्मोन पॉझिटिव्ह, काखेत न पसरलेला कॅन्सर आणि मधल्या पट्टीतले गुण असतील, तर बहुतेकींना केमोनं काही जास्त मिळत नाही. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना थोडा फायदा होतो, एवढा अपवाद. केस गेले, उलट्या झाल्या, पगार बुडाला, आणि ते सगळं विनाकारण होतं, असं पूर्वी किती जणींच्या बाबतीत झालं असेल? जीनच्या तपासणीनं औषध वाढतं असं लोकांना वाटतं. इथं तिनं औषध कमी केलं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो, कारण ती रिपोर्ट वाचणाऱ्याचा गर्व उतरवते. बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये एक ठरावीक फेरफार होतो, व्ही ६०० ई. कातडीच्या मेलेनोमात तो सापडला की त्यावरची गोळी बऱ्याच जणांची गाठ आठवड्यांत आक्रसवते. ती गोळी २०११ मध्ये मंजूर झाली. तोच फेरफार, अक्षरही न बदलता, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही काही जणांना असतो. म्हणून तीच गोळी तिथं दिली. जवळजवळ काहीच झालं नाही. सात तोच, पण बारा निराळा! आतड्याच्या पेशीत ईजीएफआर भरपूर चालू असतो. बीआरएएफचा मार्ग अडवला की ईजीएफआर मागच्या दारानं तोच संदेश पुन्हा आत पोचवतो. मेलेनोमाच्या पेशीत ते दार जवळजवळ बंदच असतं. हे २०१२ मध्ये कळलं, आणि मग आतड्यासाठी दोन्ही दारं एकदम लावणारी औषधांची जोडी आली, २०२० मध्ये. म्हणजे फेरफार वाचून औषध ठरत नाही. तो फेरफार कुठल्या शेतात झालाय आणि तिथं काय पिकतंय, हे दोन्ही लागतं. 'कॅन्सर आता अवयवावरून नाही, जीनवरून ओळखायचा' असं कुणी छातीठोक सांगितलं, की मी ही गोष्ट सांगतो.

आता आपल्या भागाचं दुखणं. माझ्या टेबलावर फुप्फुसापेक्षा तोंडाचे नमुने कितीतरी जास्त येतात. गालाचा आतला भाग, हिरडी, जबडा. शेजारी निपाणीचा तंबाखूचा पट्टा, इकडं मावा, गुटखा, तिकडं बायकांची मिसरी. गाल आणि हिरडीच्या या कॅन्सरचा जीनोम भारतानंच वाचला, कारण हा आजार आपलाच जास्त. कॅन्सरचे जीनोम वाचण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातला आपला वाटा म्हणून पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि टाटाचं खारघरचं ॲक्ट्रेक यांनी हे काम उचललं. आधी ५० पेशंट, मग पडताळणीला आणखी ६०, आणि २०१३ मध्ये ते छापून आलं. टीपी५३, एफएटी१, कॅस्पेस ८, नॉच१ अशी ओळखीच्या जीनची नावं होतीच, शिवाय यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी या कॅन्सरमध्ये पूर्वी न दिसलेलीही निघाली.

एवढं कळून गोळी का नाही आली? हा प्रश्न मला गडहिंग्लजच्या एका शिक्षकांनी अगदी रागानं विचारला होता. कारण यादीतले बहुतेक जीन ब्रेकचे, म्हणजे पेशीची वाढ थांबवणारे आहेत. ईजीएफआर, बीआरएएफ हे ॲक्सिलरेटर. दाबून राहिलेला ॲक्सिलरेटर सोडवणारं औषध करता येतं, म्हणजे जे जास्त चाललंय ते अडवता येतं. पण ब्रेकच तुटून पडला असेल तर अडवायचं कशाला? जे प्रथिन पेशीत उरलंच नाही त्याला औषध चिकटणार कुठं? म्हणून तोंडाच्या कॅन्सरला आजही सुरी आणि रेडिएशन हाच कणा आहे, आणि पहिल्यांदाच निघालेल्या, कापण्याजोग्या गाठीसाठी हजारो रुपयांचा जीन पॅनल (अनेक जीनची एकत्र तपासणी) करून घेणं मला पटत नाही. रिपोर्ट जाड येतो, उपचार तोच राहतो. काही ठिकाणी तो सरसकट सुचवला जातो हे मी बघतोय, आणि मला ते आवडत नाही. ज्या तपासणीच्या दोन्ही उत्तरांनंतर डॉक्टर तेच करणार आहेत, ती तपासणी संशोधनासाठी ठीक. पेशंटच्या खिशातून नको.

तंबाखूच्या बाबतीत जीनोमनं एक गोष्ट मात्र आकड्यात सांगितली. प्रत्येक विषाची डीएनएवर एक खूण राहते, कुठलं अक्षर कुठल्या अक्षरात बदलतं त्याची ठरावीक धाटणी. उन्हाची वेगळी, धुराची वेगळी. २०१६ च्या अभ्यासात हिशेब निघाला की रोज एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सुमारे १५० जादा फेरफार चढतात. रंकाळ्यावर सिगारेट ओढत उभ्या असलेल्या पोरांना मी एकदा हा आकडा सांगितला. हसली. असो.

सातबाऱ्याचं उदाहरण आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतं. पूर्वी पीकपाण्याची नोंद चावडीवर बसून, अंदाजानं व्हायची. गावात ऊस म्हटलं की सगळीकडं ऊस. आता मोबाइलवर ई-पीक पाहणी आली, ज्याच्या त्याच्या शेताचा फोटो. आरएनएच्या तपासणीतही नेमकं हेच झालं. आधी गाठीचा तुकडा वाटून त्यातला सगळा आरएनए एकत्र मोजायचे. पण गाठीत नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात. रक्तवाहिन्या असतात, तंतू बनवणाऱ्या पेशी असतात, लढायला आलेले आणि लढून थकलेले लिम्फोसाइट असतात. मी हे स्लाइडवर रोज बघतो. वाटून मोजलं की त्या सगळ्यांची खिचडी हाती यायची. मागच्या दहा-पंधरा वर्षांत एकेका पेशीचा आरएनए सुटा वाचण्याची पद्धत आली, आणि त्यानंतर स्लाइडवर ती पेशी जिथं आहे तिथंच तिचं पीकपाणी वाचण्याची. शेवटच्या पद्धतीनं माझ्या धंद्याची लाज राखली, असं मी विनोदानं म्हणतो, कारण पेशी कुणाच्या शेजारी बसलीय याला महत्त्व आहे, हे आम्ही शंभर वर्षं सांगत होतो. इम्युनोथेरपी एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला का नाही, याचा शोध आता मुख्यतः याच वाटेनं चाललाय. कोल्हापुरात पेशंटला आज यातलं काही मिळत नाही, हे प्रयोगशाळेतलं काम आहे.

एका गाठीतसुद्धा सगळी शेतं सारखी नसतात. २०१२ मध्ये किडनीच्या गाठीचे वेगवेगळ्या जागचे तुकडे तपासले, तर सुमारे दोन तृतीयांश फेरफार सगळ्या तुकड्यांत सारखे नव्हते. सुई जिथं लागली तिथलंच आपल्याला कळतं. आणि काळही थांबत नाही. जेफिटिनिबसारख्या गोळीवर वर्षभर चांगली गेलेली गाठ पुन्हा वाढते, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा त्याच ईजीएफआरमध्ये टी७९०एम हा नवा फेरफार सापडतो. ओसिमर्टिनिब मुळात त्याच्यासाठीच आलं होतं, २०१५ मध्ये. तो फेरफार आता रक्तातूनही शोधता येतो, कारण मरणाऱ्या पेशींचा डीएनए रक्तात सांडतो. पण रक्तात सापडला नाही म्हणजे नाहीच, असं धरू नका. मग पुन्हा सुई. कधीकधी गाठ आपली जातच बदलते, ॲडिनोकार्सिनोमाचा स्मॉल सेल नावाचा दुसराच कॅन्सर होतो, आणि ते कळायला रक्त पुरत नाही, तुकडाच लागतो.

'सापडलंय, पण अर्थ माहीत नाही' असाही एक शेरा रिपोर्टात येतो. त्याला व्हीयूएस म्हणतात. घाबरून फोन करू नका. बऱ्याचदा कारण साधं असतं: जगातली तुलनेची माहिती बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांची, त्यामुळं आपल्याकडं सर्रास असलेलं एखादं अक्षर तिथं दुर्मिळ दिसतं. आता जीनोम इंडिया प्रकल्पानं दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून ती माहिती २०२५ मध्ये संशोधकांना खुली केलीय, आणि आयआयटी मद्रासनं स्तनाच्या कॅन्सरच्या ४८० पेशंटांची माहिती त्याच वर्षी मांडलीय. 'अर्थ माहीत नाही'चे शेरे यानं हळूहळू कमी व्हायला हवेत. तोवर व्हीयूएसवर कुणी ऑपरेशन सुचवलं, तर दुसरं मत घ्या.

बिघाड दिसला म्हणजे कॅन्सर, हेही खरं नाही. २०१८ मध्ये पूर्ण निरोगी माणसांची अन्ननलिका तपासली, तर मध्यम वयातच तिचा अर्ध्याहून जास्त भाग फेरफार झालेल्या पेशींनी व्यापलेला निघाला. नॉच१चा फेरफार तर कॅन्सरपेक्षा निरोगी अन्ननलिकेतच जास्त! म्हणून हल्ली निरोगी लोकांना थुंकी पाठवून कॅन्सरचं भविष्य सांगणारी जी पॅकेजं विकतात, त्यांच्याकडं मी पोपटवाल्या ज्योतिषाकडं बघावं तसंच बघतो.

तुमच्या घराबद्दल. आत्यांच्या गाठीतला ईजीएफआरचा फेरफार हा त्या एका शेतात नंतर झालेला असतो. ती वारसनोंद नाही. भाचरांकडं जात नाही. सगळ्या कॅन्सरमध्ये वारशानं आलेले साधारण ५ ते १० टक्केच. ते शोधायचं रक्तातून, आणि शंका कधी घ्यायची ते घराण्यावरून कळतं: आई, मावशी, बहीण यांना तरुणपणी स्तनाचा किंवा अंडाशयाचा, दोन्ही स्तनांचा, पुरुषाला स्तनाचा. तिथं बीआरसीए १ आणि २ या जीन बघतात. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तर घराण्यात काही नसलं तरी बघावं, कारण त्यावर ओलापॅरिबसारखी औषधं आहेत. गाठीच्या रिपोर्टात बीआरसीए दिसला तर मात्र रक्त तपासून तो वारशाचा आहे का, हे ठरवून घ्यावं लागतं.

शेवटी ब्लॉक. इथं मी चुकलोय, म्हणून सविस्तर सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक सुईचा तुकडा आला, काडीच्या टोकाएवढा. नाव अचूक लागावं म्हणून मी एकामागून एक दहा-बारा विशेष रंग केले. नाव अचूक लागलं, आणि ब्लॉकमध्ये नुसतं मेण उरलं. ईजीएफआरसाठी पेशंटला पुन्हा सुई घातली, फुप्फुसात हवा शिरली, चार दिवस नळी. पेशंट बरे होऊन गेले, पण ती चूक माझी होती. तेव्हापासून फुप्फुसाच्या तुकड्यावर मी दोनच रंग करतो, टीटीएफ-१ आणि पी४०, आणि बाकी जीनसाठी राखतो. तुमच्या लॅबला विचारा, ब्लॉकमध्ये ऊतक किती उरलंय. त्यात कॅन्सरच्या पेशी किती टक्के आहेत हे लिहून मागा. २० टक्क्यांच्या खाली असेल तर तपासणी खोटं 'नाही' सांगू शकते. छातीतलं पाणी काढलं असेल तर ते फेकू देऊ नका, त्यातल्या पेशींचाही ब्लॉक होतो.

दुसरी अडचण तुकडा कशात बुडवला याची. एका गावातून मागं एक नमुना सलाइनमध्ये पडून दोन दिवसांनी माझ्याकडं आला. नाव लावता आलं कसंबसं, आरएनए पार मेलेला. आरएनए मुळातच नाजूक, त्याला खाणारं एन्झाइम आपल्या बोटांवरसुद्धा असतं. नमुना लगेच १० टक्के बफर फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी, आणि ६ ते ७२ तासांच्या आत पुढच्या प्रक्रियेला. हाडातला तुकडा असेल तर हाड मऊ करायला कडक ॲसिड वापरू नका असं आधीच सांगावं लागतं, ॲसिडनं डीएनए जातो. आत्यांना घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परळ गाठायची या कामासाठी गरज नाही. ब्लॉक कुरिअरनं जातो. उन्हाळ्यात तेवढा सोबत थंड पॅक टाकायला सांगा.

रिपोर्ट आला की शेवटच्या पानावरची औषधांची मोठी यादी आधी वाचू नका. तीत उंदरांवर चाललेलं औषधही असतं. पहिल्या पानावर दोन गोष्टी बघा. ईजीएफआर असेल तर बिघाड एक्झॉन (जीनचा तुकडा) १९ मध्ये की २१ मध्ये, की २० मध्ये भर पडलीय. पहिल्या दोघांवर नेहमीच्या गोळ्या चालतात, २० मधल्या भरीवर बहुतेक चालत नाहीत. आणि जिथं 'नाही' लिहिलंय, तिथं ते 'सापडलं नाही' आहे की 'नमुना अपुरा, तपासता आलं नाही', हे नीट बघा. दुसरं असेल तर तपासणी झालीच नाही असं समजायचं, आणि पैसे कितीही गेले असले तरी रक्तातून किंवा नव्या तुकड्यातून पुन्हा करायची. काम झालं की ब्लॉक परत मागा आणि ज्या लॅबनं केला तिथंच नेऊन द्या, घरी कपाटात ठेवू नका. वर्ष-दीड वर्षानं गाठ पुन्हा हलली, तर नवा तुकडा त्याच्याच शेजारी ठेवून बघावा लागेल.